दाराभोवतीची दुसरी तार

१

ऑक्टोबरच्या उकाड्यात मालवणात एक माणूस गारठून मेला. बाहेर बंदरावर लोक टॉवेलने मानेचा घाम पुसत होते, आणि मासळीच्या कोल्डरूममध्ये मेहबूबशेट दाराला पाठ टेकून बसलेले सापडले. पापण्यांवर बर्फ, हाताची नखं तुटलेली. दाराच्या आतल्या पत्र्यावर ओरखडेच ओरखडे होते. अंगात नमाजाला घातलेला पांढरा मलमलीचा कुर्ता, तोही पुठ्ठ्यासारखा ताठ झालेला.

दार उघडलं ते बाबलीने, पहार घालून. बाबली हा कोल्डरूमवरचा जुना गडी. त्यानेच बोंब मारली, त्यानेच शेटना उचलून उन्हात आणलं, आणि संध्याकाळी पोलिसांनी त्यालाच उचलून नेलं.

सगळ्यांना ते पटलंही. कोल्डरूमच्या दाराला बाहेरून कडी होती. आतल्या बाजूला एक दांडा होता, कडी नसेल तर तो ढकलला की दार उघडायचं. शेट आतून उघडू शकले नाहीत, म्हणजे बाहेरून कडी होती, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि कडीजवळ दिवसभर कोण असायचं? बाबली.

"कडी न्हवतीच हो सायबांनू," बाबली रडकुंडीला येऊन सांगत होता. "दार बर्फान धरलेला."

फौजदार हरिश्चंद्र कांबळी यांनी शेटच्या थोरल्या मुलाकडे पाहिलं. रमीझ अशा वेळी शुद्ध मराठीत बोलायचा.

"साहेब, दारावर बर्फ धरू नये म्हणून चौकटीभोवती हीटरची तार असते. सगळ्यांकडे एक असते, आमच्याकडे दोन आहेत. लाल दिवा चालू आहे, तुम्ही स्वतः बघताय. दोन-दोन हीटर असताना बर्फ धरेल कसा?"

फौजदारांनी चौकटीला हात लावला. कोमट लागली. दिवा लालभडक पेटलेला होता. बर्फ म्हणाल, तर दार उघडं राहिल्याने तो केव्हाच वितळून नाल्याला मिळाला होता. वायरिंगला कुणी हात लावायचा नाही असं बजावून फौजदारांनी बाबलीला गाडीत बसवलं.

शिवाय बाबलीने गणपतीच्या आधी साऱ्या गड्यांसमोर म्हटलं होतं, "एक दिस ह्येकाच आत कोंडून घालतलंय." ते गड्यांनी पोलिसांना इमानेइतबारे सांगितलं.

२

असं का म्हणाला बाबली? तर मेहबूबशेटची एक रीत होती. कुणी चुकलं, उलट बोललं, की शेट त्याला कोल्डरूममध्ये ढकलायचे, कडी घालायचे आणि बाहेर खुर्ची टाकून पान जमवायचे. "जा, थंड होऊन ये," हे त्यांचं पेटंट वाक्य. पान संपलं की कडी निघायची. आतला माणूस निळ्या ओठांनी बाहेर यायचा आणि गडी हसायचे, कारण न हसणाऱ्याचा नंबर पुढे लागायचा. गडी, हमाल, स्वतःची पोरं, कुणाला सुटका नव्हती. शेटची भाची रुमाना नऊ वर्षांची असताना तिलाही मामूने एकदा आत घातलं होतं, सरबताची बाटली फोडली म्हणून.

ही रुमाना आता सावंतवाडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. मामूच्या मयताला ती आली, मामीजवळ बसली, आणि तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तिलाच त्याची लाज वाटली. पण नाही आलं, त्याला काय करणार?

चौथ्या दिवशी बाबलीची बायको सुगंधा शाळेच्या फाटकात उभी. एसटीने आलेली, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"बाई, मेलो तो तुमचो मामू. तरी तुमच्याकडेच इलंय. आमचो वकील म्हणता, गुन्हो कबूल कर, शिक्षा कमी होईत. न केलेलो गुन्हो कसो कबूल करूचो?"

"बाबली चिडलेला होता ना मामूवर?"

"चिडान होतोच! कोण नाय चिडान?" सुगंधा फटकन म्हणाली. "पण कडी घातल्यान असती तर पहार घेऊन कशाक गेलो असतो? कडी काढली की दार उघडलां. हाताक फोड इलेत त्येच्या पहारीन."

फौजदारांना हा साधा प्रश्न पडला नव्हता. पडला असेल तर त्यांनी तो गिळला होता.

"दारावर याआधी कधी बर्फ धरायचा?"

"पावसात रोज धरायचो. एक तार पुरत नसा. ह्यो रोज दुपारी लाकडाच्या पट्टीन खरवडी. मगे शेटच्या धाकट्या पोरान, कैफान, दुसरी तार बसवल्यान, आणि रमीझशेटांनी सांगल्यानी, आता खरवडूक नको, दोन हीटर आसत."

"आणि मग बर्फ धरायचा थांबला?"

"तांच तर," सुगंधा म्हणाली. "ह्यो म्हणी, उलट जास्तीच धरता. पण गड्याचां ऐकता कोण?"

दोन हीटर आणि बर्फ जास्त. रुमानाला हे गणित बसेना. आणि न बसणारं गणित फळ्यावर सोडून घरी जाणं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. तिने शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर पर्समध्ये टाकला आणि सुगंधाबरोबर मालवणची गाडी पकडली.

३

मामी, म्हणजे रहमतबी, ओसरीवर तसबीहची माळ ओढत होती. ती नवऱ्याबद्दल वाईट बोलली नाही आणि चांगलंही बोलली नाही.

"रमीझ इंजिनेर झालो होतो, तुका म्हायत आसा," ती मधूनच म्हणाली. "इलेक्ट्रिकचो डिप्लोमा. पुण्याक नोकरी लागलेली. ह्येंनी जाऊक दिल्यानी नाय. मासळी विकूक बसवल्यानी."

रमीझची बायको अर्शिया चहा घेऊन आली. तिच्या बोलण्यात राग उकळत होता, आणि कुणीतरी विचारण्याचीच ती वाट पाहत होती.

"चाळीस वर्षांच्या माणसाला कोंडतात का, आपा? माझ्यासमोर? पावसाळ्यात हे गोव्याच्या पार्टीशी हा मासळीचा कारखाना विकायचं बोलले, एवढाच गुन्हा. सासऱ्यांनी गड्यांसमोर आत ढकललं. आणि पान संपल्यावर कडी काढली तर दार उघडेना. बर्फाने धरलेलं. पहारीने उघडलं तेव्हा ह्यांना उभं राहता येत नव्हतं. आणि सासरे काय म्हणाले? 'झालो थंड?'"

"नंतर?"

"नंतर काय, तेच रोजचं. ह्या महिन्यात क्रेटवरून भांडण. हे आत जाताना दारात मासळीचा रिकामा क्रेट अडकवून जायला लागले. थंडी बाहेर जाते म्हणून सासरे बोंबलायचे, लाथेने क्रेट उडवायचे. हे परत लावायचे."

रुमानाने चहा संपवला. तिला तेव्हा त्या क्रेटचं काही वाटलं नाही. कोंडला गेलेला माणूस दाराला भिणारच, असं तिने मनाशी म्हटलं.

धाकटा कैफ कारखान्यातच भेटला. पंचविशीचा, बापाच्या मरणाने डोळे सुजलेला. त्या घरात मेहबूबशेटसाठी खरोखर रडलेला हा एकटाच होता. कोल्डरूमचं दार नव्या बिजागऱ्या घालून पुन्हा बसवलं होतं, कारण आत दुसऱ्यांची मासळीही होती. लाल दिवा पेटलेला होता.

"ही दुसरी तार तू बसवलीस?"

"व्हय आपा." त्याच्या सुजलेल्या डोळ्यांत जराशी चमक आली. "रमीझभाय आत अडाकलो त्या दिसापासून माझ्या डोळ्याक डोळो नाय. म्हटलंय, बाबा काय ही सवय सोडूचे नाय. निदान दार तरी अडकूक नको. ह्याच म्हयन्यात कोल्हापुरासून तशीच तार आणलंय, तितकीच लांब. दोन तारी म्हणजे डबल गरम."

"जोडलीस कशी?"

"जोडूची कशी? जाळ्याक जाळां जोडतत तशी. हिचां टोक तिच्या टोकाक. आमच्या नाखव्यांनी हेच शिकवलेला, तुकड्याक तुकडो जोडलो की जाळां मोठां, मासो जास्त."

रुमानाने पर्समधला मल्टिमीटर बाहेर काढला.

"कुणाला दाखवलंस?"

"रमीझभायक. त्येनी बॅटरी मारून सगळां बघल्यान. खांद्यार हात ठेवल्यान आणि म्हणालो, शाबास कैफा, झकास जोडलंस."

४

कैफला तिने घरी पाठवलं. मेन स्विच क्षणभर बंद केला आणि मीटरच्या पिना तारांना लावल्या. एकट्या तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, आला चारशे ओहम. दुसरीचाही चारशेच. मग तिने दोन्ही मिळून जशा जोडल्या होत्या तशा मोजल्या. मीटरवर आठशे.

दोनशे यायला हवे होते. तिने पिना पुसल्या, पुन्हा लावल्या. आठशेच.

पोरांना हे समजावताना ती मासळीबाजाराचं उदाहरण द्यायची. बाजाराला एक अरुंद फाटक आहे. शेजारी तसंच दुसरं फाटक पाडलं, तर गर्दीला दोन वाटा होतात आणि दुप्पट माणसं बाहेर पडतात. ही समांतर जोडणी. वाटा दोन, म्हणून अडथळा निम्मा, चारशेचा दोनशे. पण तेच दुसरं फाटक पहिल्याच्या पुढे, त्याच बोळात उभं केलं तर? प्रत्येकाला दोनदा अडखळावं लागतं. ही एकसर जोडणी. अडथळा दुप्पट, चारशेचा आठशे.

घरातल्या विजेचा दाब काही बदलत नाही. अडथळा निम्मा झाला की उष्णता दुप्पट, अडथळा दुप्पट झाला की उष्णता निम्मी. कैफला एका तारेच्या दुप्पट ऊब हवी होती. जाळ्याच्या हिशेबाने त्याने ती निम्मी करून ठेवली. तार कोमट लागत होती, दिवा पेटत होता, कारण वीज तर वाहतच होती. आधी एक तार अपुरी पडायची, पण बाबलीची पट्टी होती. आता तार अर्धीमुर्धी आणि पट्टीही बंद.

बाबली खरं बोलत होता. दार बर्फानेच धरलं होतं. मेहबूबशेटना त्यांच्या धाकट्या पोराच्या मायेने मारलं.

रुमाना तिथेच उलट्या क्रेटवर बसली. हे फौजदारांना सांगितलं की बाबली सुटणार, आणि कैफ जन्मभर बापाचा खुनी म्हणून आरशात बघणार. नाही सांगितलं तर उलटं. हातातला मीटर खाली ठेवायला ती वाकली, आणि तिची नजर आपण कशावर बसलोय त्याच्याकडे गेली.

क्रेट.

आत कोंडला गेल्यामुळे रमीझ भ्याला, असं तिने धरलं होतं. पण अर्शियाने 'ह्या महिन्यात' म्हटलं होतं. कोंडला तो पावसाळ्यात. तेव्हापासून दुसरी तार बसेपर्यंत तो दार लावूनच आत जात होता. दुसरी तार बसल्यावर, म्हणजे दार दुप्पट निर्धोक झालं असं सगळे समजत होते तेव्हा, त्याने क्रेट लावायला सुरुवात केली. डिप्लोमावाल्या माणसाने बॅटरी मारून जोडणी बघितली, शाबास म्हटलं, बाबलीची पट्टी बंद करवली, आणि स्वतःपुरता दारात क्रेट ठेवला.

तिने मीटर पर्समध्ये टाकला आणि फौजदारांना निरोप धाडला.

५

"बाई, क्रेट हा काही पुरावा नव्हे," फौजदार म्हणाले. तिने त्यांना फक्त क्रेटचं सांगितलं होतं. मीटरवरचा आकडा, तारांचं गणित, सगळं पोटात ठेवलं होतं. "कोर्टात कुणीही हसेल."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. रमीझ म्हणतो, दोन हीटर असताना बर्फ धरत नाही. बाबली म्हणतो, धरतो. वायरिंग त्या दिवशी होतं तसंच आहे, मी फक्त मोजमाप घेतलं. एक माणूस आत जाऊ दे, दार लोटू या, कडी उघडी ठेवू या. आपण बाहेर चहा पिऊ. दार आतून उघडलं तर बाबली खोटा."

फौजदारांना चहाचा भाग पटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जमले. बाबलीला बेड्यांसकट आणलं होतं. सुगंधा कोपऱ्यात उभी. रहमतबीला खुर्ची दिली होती, ती नेमकी शेटची पान खायची खुर्ची, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. भिंतीला पहार टेकवलेली.

"रमीझ, तू जा," रुमाना म्हणाली. "तूच लिहून दिलंस ना, बर्फ धरणं शक्य नाही म्हणून?"

रमीझ हसला. "माका सर्दी झाली आसा गो."

"मी जातंय!" कैफ पुढे आला. "तार मी बसवलंय. माका खात्री आसा." कुणी काही बोलायच्या आत तो मफलर गुंडाळून आत शिरलासुद्धा.

रुमानाने तोंड उघडलं. आता थांबवायचं होतं. एक शब्द पुरला असता. पण तिला रमीझचा पाय दिसला. तो पाय नकळत पुढे सरकला होता आणि रिकामा क्रेट दाराच्या फटीत ढकलत होता.

तिने तोंड मिटलं.

"क्रेट कशाला रे?" ती शांतपणे म्हणाली. "दोन हीटर आहेत ना?"

सगळे क्रेटकडे बघायला लागले. फौजदारही. रमीझ क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने वाकून, आपल्या हाताने तो क्रेट बाजूला काढला आणि भावाच्या अंगावर दार लोटलं. जाड रबर चौकटीवर बसलं. उकाड्याची दमट हवा त्याच्या कडेने आत शोषली गेल्याचा आवाज आला.

चहा आला. फौजदारांनी बशीत ओतून फुर्र करून प्यायला. रुमानाने कप हातात धरला, पण ओठाला लावला नाही. रमीझने दाराकडे पाठ केली होती आणि त्याच्या शर्टाची पाठ ओली होत चालली होती.

आतून दांडा खटकला. पुन्हा खटकला. मग नुसते धक्के.

"ढकल रे जोरात!" फौजदार ओरडले.

धक्के वाढले. एवढ्या जाड दारातून आवाज नीट येत नव्हता, खोल विहिरीतून यावा तसा येत होता. फौजदारांनी उठून बाहेरची कडी बघितली. मोकळी होती. दोन्ही हातांनी दार ओढलं. हललं नाही. कडेला रबरावर पांढरी रेघ धरली होती.

"उघडा कुणीतरी!" रहमतबी किंचाळली. "झिलगो आसा आत माझो!"

रुमाना हलली नाही. ती रमीझकडे बघत होती. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. त्याने पहार उचलली आणि फटीत घातली.

"कैफा! दाराक पाठ लावू नको, मागे हो! ढकलून उघडूचा नाय ह्यां, हीटर निम्मोच तापता!"

दार कडाडून उघडलं. पांढऱ्या वाफेतून कैफ बाहेर आला, भुवयांवर बारीक बर्फ. फौजदारांच्या हातात अजून बशी होती.

"निम्मा?" ते म्हणाले. "निम्मा तापतो हे तुम्हाला कुणी सांगितलं, रमीझशेट? तुम्ही तर दुप्पट म्हणत होतात."

रमीझने पहार खाली टाकली. तिचा आवाज फरशीवर बराच वेळ घुमला.

"हो, म्हायत होतां," तो म्हणाला. "पहिल्या दिसापासून. मी काय केलंय? तार मी जोडूक नाय. कडी मी घालूक नाय. मी फक्त गप्प रवलंय. गप्प रवणां हो गुन्हो असलो तर अख्ख्या मालवणाक बेड्यो घाला. इतकी वर्सां सगळे गप्पच होते." मग तो आईकडे वळला. "तूसुद्धा."

रहमतबीने मान खाली घातली. रुमानाला वाटलं होतं आपल्याला आनंद होईल. झाला नाही.

६

बाबलीच्या बेड्या तिथेच काढल्या. सुगंधाने त्याचे फोड आलेले हात आपल्या पदरात धरले आणि मोठ्याने रडली, कुणाची पर्वा न करता. फौजदारांनी रमीझला गाडीत बसवलं. कोणतं कलम लावायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, तसं त्यांनी रुमानाला कबूलही केलं. बाबलीला पट्टी बंद करायला लावली एवढा धागा होता, बघू म्हणाले.

कैफ क्रेटवर बसला होता. कुणीतरी त्याच्या अंगावर पोतं टाकलं होतं. त्याच्या हाताची बोटं हवेत हलत होती, एक टोक दुसऱ्या टोकाला जोडत होती, सोडत होती, पुन्हा जोडत होती.

"निम्मी," तो स्वतःशीच म्हणाला. मग वर बघितलं. "आपा, दोन तारींनी निम्मी कशी होता?"

रुमाना त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि तिने सांगितलं. बाजाराचं फाटक, शेजारी दुसरं फाटक, एकापुढे एक फाटक. वर्गात सांगायची तसंच, कारण दुसरं कसं सांगायचं ते तिला येत नव्हतं. कैफने शहाण्या मुलासारखं सगळं ऐकून घेतलं. त्याला एकदाच सांगून समजलं.

"म्हणजे बाबांक मी," तो म्हणाला, आणि पुढचं बोलला नाही.

"तुला माहीत नव्हतं, कैफ."

"माका नव्हतां." त्याने पोतं घट्ट ओढून घेतलं. दात अजून वाजत होते. "पण तू काल मीटर लावलंस. तुका म्हायत होतां, दार धरतलां म्हणान. मी आत जाताना तुका म्हायत होतां?"

बाहेर रमीझला घेऊन गाडी सुरू झाली. कैफ रुमानाकडे बघत राहिला, आणि दाराच्या कडेवरचा लाल दिवा तसाच पेटलेला होता.